बाळ येणार आहे: पीसी, पीएस५, हॅण्डहेल्ड की नुसता मोबाईल?

रात्रीचे सव्वादोन. बायकोनं हाक मारली, "अहो, गोळा आला." सातव्या महिन्यात पोटऱ्यांत असे गोळे येतातच. कुणीतरी पटकन पाऊल धरून बोटं गुडघ्याकडे दाबली की सुटतात. मी बाहेरच्या खाटेवर, कानात हेडफोन, मोबाईलवर बीजीएमआयचं (पबजीचा भारतीय अवतार) शेवटचं सर्कल, जिवंत सहा जण. "आलोच," म्हणालो. आत गेलो तोवर तिनं भिंतीला पाऊल टेकवून स्वतःच गोळा घालवला होता. सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, "लेकरू रडलं तर त्यालेबी आलोच म्हणसान का?"

तेव्हापासून घरात खेळायला कोणतं यंत्र ठेवायचं याचा हिशेब मांडतोय: पीसी, टीव्हीला जोडायचा पीएस५, स्क्रीन-बटणं एकत्र असलेलं, हातात धरून खेळायचं हॅण्डहेल्ड, की नुसता मोबाईल. माझ्यासारखे बरेच असतील, म्हणून लिहून काढतो. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात कृषी केंद्र चालवतो. घरी दहा बाय बाराची खोली, खिडकीत कूलर, कोपऱ्यात २०२१ साली जमवलेला पीसी. ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ पडला होता तेव्हाचा, म्हणजे भाव विचारू नका. तारीख एप्रिलअखेरची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, दारव्ह्याला. सव्वा महिना झाल्यावर ती लेकराला घेऊन इकडे येईल तेव्हा मृग लागलेला असेल, आणि दुकानात बियाण्यासाठी रांग. तेव्हा मी जुलैनंतरचाच विचार करतोय.

मित्र म्हणतात, "लहान लेकरू दिवसभर झोपूनच असते, खेळ ना बिनधास्त." नवजात बाळ दिवसाला १४ ते १७ तास झोपतं हे खरंच आहे. पण ती झोप तुकड्यातुकड्यांची. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध, मध्ये लंगोट, ढेकर, रडणं. सलग तीन तास विसरा, वीस मिनिटं मिळाली तर मिळाली, आणि तीही कधी तुटतील नेम नाही. म्हणून ग्राफिक्स, फ्रेमरेट वगैरे मी शेवटी बघितलं. आधी बघितलं की हाक आल्यावर किती सेकंदांत उठता येतं. बायको मोजायला तयार झाली. तिला मजाच वाटत होती.

मोबाईल: हाताशी सगळ्यात जवळ, उठायला सगळ्यात अवघड

फुकट आहे, आधीच खिशात आहे, लाईन गेली तरी चालतो. म्हणून बहुतेक जण म्हणतात की बाकी सगळं विकून मोबाईलवरच खेळू. मला हा पर्याय सगळ्यात वाईट वाटतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, वर्षभरात तोही गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. आमची चौकडी या सगळ्यातून टिकली. पण क्लासिक मॅच पंचवीस-तीस मिनिटांची, पॉज नाही, मधून उठलो तर बाकी तिघांचं वाटोळं. छोटी टीम डेथमॅच घेतली तरी "आलोच"पासून उठेपर्यंत बायकोनं मोजलेली वेळ सहा मिनिटं चाळीस सेकंद.

दुसरी भानगड गेम मोडची. खेळताना अडथळा नको म्हणून फोन नोटिफिकेशन दाबतो, सेटिंग तशी असेल तर कॉलही. मागच्या महिन्यात ९ तारखेच्या तपासणीहून ती परतली तेव्हा मी दुकानात रिकामा बसून मॅच खेळत होतो. चार कॉल आले, एकही वाजला नाही. फाट्यावर अर्धा तास उन्हात उभी राहिली. आशाताईंनी माता-बाल कार्डावर रुग्णवाहिकेचा १०२ नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिलाय, पण तो फिरवायला सांगणारा कॉल माझ्याच फोनवर येणार ना! मोबाईलवर खेळायचंच असेल तर आधी ती सेटिंग उघडा आणि कॉल दाबणं बंद करा. हा लेख नंतर वाचला तरी चालेल.

अजून एक. जन्मलेल्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. मांडीवर घेतलं की आपला चेहरा तेवढ्याच अंतरावर, आणि मोबाईलही नेमका तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये एक वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको असं सांगितलंय. बाळ खांद्यावर असताना एका हातानं चालणारं यंत्र म्हणजे फक्त मोबाईल, आणि घात तिथेच होतो.

पीसी: खेळ छान, पण पंखा कुणाचा?

माझा जीव पीसीत आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर हिशेब करताना मीच काटा मारला असं वाटेल.

सेकंदांत पीसी वाईट नाही. एकट्यानं खेळायचा गेम असला तर एस्केप दाबायचं, हेडफोन काढायचा, उठायचं. बारा सेकंद. अडचण विजेची. आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी ढग दाटले की लाईन गेलीच समजा. घरी १५० एएच ची एक बॅटरी, १२ व्होल्ट. गुणाकार केला की १८०० वॉट-तास, पण हाती लागतात त्याहून बरेच कमी, बाराशे-तेराशे धरा. छताचा पंखा ७५ वॉट. पंखा आणि एक एलईडी बल्ब एवढंच असलं तर रात्र निघते. त्यात गेम चालू असलेला पीसी आणि मॉनिटर मिळून साडेतीनशे वॉट टाका, तीन तासांत बॅटरी झोपते. म्हणजे मी दहा ते बारा खेळलो आणि लाईन पहाटेपर्यंत आलीच नाही, तर पहाटे पंखा बंद आणि लेकरू घामाघूम. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो.

उन्हाळ्याचं वेगळंच. जेवढे वॉट खातो तेवढी गरमी पीसी खोलीतच सोडतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना कूलर एकीकडून गार करणार आणि माझं कॅबिनेट दुसरीकडून तापवणार. कूलरच्या ओल्या हवेत दुकानातली आणि कापसाची धूळ मिसळून कॅबिनेटच्या पंख्यांवर जो थर बसतो तो ब्लोअरनंही निघत नाही, ब्रश लागतो.

तरी पीसी ठेवणार असाल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस आणि नॉर्मल असे दोन मोड असतात. नॉर्मलवर लाईन गेली की पीसी रिस्टार्ट होतो, यूपीएसवर तगतो. पण यूपीएस मोडला १८० व्होल्टच्या खाली चालत नाही, तो लगेच बॅटरीवर जातो. गावात ओलिताच्या दिवसांत सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज तिथेच घुटमळतं. मग लाईन असूनही बॅटरी उतरत राहते आणि आपल्याला पत्ताच नाही. मला दोन महिन्यांनी कळलं.

डाऊनलोडचं एकच उदाहरण देतो. रेड डेड रिडेम्प्शन २ या गेमला १५० जीबी लागतात. रोजचा २ जीबीचा पॅक पुरवून उतरवायला बसलात तर ७५ दिवस. तोवर बाळ मान धरायला लागेल.

पीएस५: टीव्ही कुणाचा आहे ते आधी ठरवा

पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, डिस्कवाला ४९,९९० ला. माझ्याकडे नाही, पुलगावच्या मित्राकडे भरपूर खेळलोय. गेम चालू असताना दोनशेच्या आसपास वॉट खातो, म्हणजे पीसीहून बरा. रेस्ट मोडला टाकला तर गेम होता तिथेच थांबतो, पण त्यातच लाईन गेली की पुढच्या वेळी चालू करताना आधी स्टोरेज तपासत बसतो. घ्यायचाच तर डिस्कवाला घ्या. नेट वाचतं, आणि खेळून झालेली डिस्क विकता येते.

आमच्या घरी मात्र हा पर्याय संध्याकाळी सातलाच बाद झाला. टीव्ही एकच, तो बैठकीत, आणि सात ते दहा आईच्या मालिका. आईला नुसतं विचारून बघितलं. "लेकरू येऊन राह्यलं, अन् तू बटनं दाबून राह्यला? वरून माह्या टीव्हीवर?" विषय संपला. तुमच्याकडे वेगळा टीव्ही आणि वेगळी खोली असेल तर पीएस५ सारखं सुख नाही.

हॅण्डहेल्ड: बटण दाबा आणि उठा

इथे तीन नावं येतात. आसुसचा आरओजी अलाय भारतात जुलै २०२३ मध्ये ६९,९९० ला आला. वजन ६०८ ग्रॅम, दुकानात मिळतो, वॉरंटी मिळते. त्यात विंडोज आहे, आणि विंडोज मुळात हातात धरायच्या यंत्रासाठी बनलेलं नाही, त्यामुळे झोप-जाग तितकी बिनघोर नाही. स्टीम डेक २०२२ चा, ६६९ ग्रॅम. ओएलईडी मॉडेल नंतरचं, थोडं हलकं. निन्टेन्डो स्विच २०१७ पासूनचा, कंट्रोलर धरून चारशे ग्रॅमच्या आतला. हात दुखत असतील तर हाच. डेक आणि स्विच अधिकृतपणे आपल्याकडे विकले जात नाहीत. बाहेरून आलेला माल घ्यावा लागतो, बिघडला तर वॉरंटी नाही, नागपुरात कुणी दुरुस्त करणारा शोधायचा. ही जोखीम लहान नाही.

तरी माझा कौल इकडेच, आणि कारण एकच बटण. डेकचं पॉवर बटण दाबलं की गेम आहे तिथे गोठतो, पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे. एल्डन रिंग या गेममध्ये पॉज नाही, तोही असा थांबतो. बायकोनं मोजलेला आकडा सहा सेकंद, त्यातली चार चप्पल शोधण्यात गेली. डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची. म्हणजे घरच्या बॅटरीवर एकदा पूर्ण चार्ज केला तरी पंख्याचा जेमतेम अर्धा तास खर्च होतो. जड गेमला दोन तासही टिकत नाही, हलक्या गेमला पाच-सहा तास सहज. रविवारी पुलगाव, यवतमाळ करत दारव्ह्याला जाताना एसटीत उपयोग होईल तो वेगळाच.

दिवाळीत बहिणीकडे एक रंगीत तालीमही केली. तिचं चार महिन्यांचं पोरगं साडीच्या झोळीत. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली, मित्राचा डेक हातात घेतला. पाय हलतोय, झोळी डुलतेय, माझा गेम चालू. वीस मिनिटं स्वर्ग! मग लढाई अटीतटीची झाली, पाय थांबला, आणि झोळीतून असा सूर निघाला की बहीण चुलीपासून धावत आली. दोरीवर चालणारा गेम संथच हवा हे तिथे शिकलो. शेतीचा स्टारड्यू व्हॅली बरा, पत्त्यांचे, पाळीपाळीनं खेळायचे बरे. बुद्धिबळाचे एकेक चालीला दिवस देणारे डाव तर उत्तम. स्टारड्यूमधला एक दिवस चौदा मिनिटांचा, आणि झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. पीसीवर मध्येच लाईन गेली तर दिवस वाया, हॅण्डहेल्डवर तो प्रश्नच नाही.

पैसे, आणि मी काय केलं

बाळंतपणाआधी घरातला एक रुपयाही नव्या यंत्रात घालू नका. सरकारी दवाखान्यात खर्च फारसा नसतो, तरी रात्री-अपरात्री जिल्ह्याला हलवायची पाळी आली तर हातात रोकड लागते. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५,००० येतात ते तिच्या खात्यात, तिच्या खारीक-डिंकासाठी. तिकडे बघायचंसुद्धा नाही.

मी पीसी विकला नाही, फक्त ग्राफिक्स कार्ड काढून विकलं. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तरच हे करा. इंटेलच्या मॉडेल नंबरच्या शेवटी एफ असेल तर ते नसतं आणि पडदा काळा राहील. उरलेला पीसी दुकानात नेला, बिलं काढायला. टेबल उचललं तेव्हा खोलीत पाळण्यापुरती जागा मोकळी झाली. कार्डाच्या पैशातच नागपूरहून जुना डेक आणला. चौकडीला कळवलं की ऑनलाईन मॅच सव्वा महिना होईपर्यंत बंद. एकाचं उत्तर आलं, "भाऊ, लेकराले लेव्हल तीनचं हेल्मेट घ्या." बीजीएमआयमधलं सगळ्यात दणकट हेल्मेट ते.

तुम्ही एकत्र कुटुंबात असाल आणि टीव्ही एकच असेल तर हॅण्डहेल्ड. वेगळी खोली आणि मोठा इन्व्हर्टर असेल तर आहे तो पीसी ठेवा, नवीन काही घेऊ नका. मोबाईलवर राहायचं ठरलंच तर निदान मॅचवाला गेम काढून टाका.

परवा रात्री पुन्हा गोळा आला. बटण दाबलं, डेक उशीखाली सरकवला, पाऊल हातात घेतलं. तिनं मोजलं नाही, पण लवकर झोपली. सकाळी मी दुकानात गेल्यावर तिनं तो उघडला असावा. संध्याकाळी बघतो तर स्टारड्यूच्या माझ्या शेतात सगळीकडे फुलकोबी. वसंत संपायला आठ दिवस उरलेले, फुलकोबीला लागतात बारा. आणि हे कृषी केंद्रवाल्याच्या घरात!