करमळीचे तळे की मयेचे? भाड्याने घर बघणाऱ्यासाठी

पणजीत नोकरी लागली की माणूस पहिल्या आठवड्यात ताळगाव, पर्वरी, मिरामार पालथे घालतो, भाडी ऐकून गप्प बसतो, आणि दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी त्याला सांगते, ‘अरे, जरा आत जा. तळ्याकाठी घर मिळेल, शांत.’ माझेही असेच झाले. दोन वर्षे करमळीत काढली आणि आता मयेत आहे. हल्ली आमच्या सिंधुदुर्गातून नोकरीसाठी येणारे ओळखीचे फोन करून एकच विचारतात: दोन्हींतले कुठले? तेच इथे लिहितो. दोन्हीकडे टू बीएचकेच घेतले होते. करमळीला वीस हजार देत होतो, मयेत बारा देतो. फरक एवढाच असता तर लिहायची गरज नव्हती.

आधी एक सावधगिरी. जाहिरातीत नुसते ‘करमळी’ असेल तर तालुका विचारून घ्या. ही करमळी तिसवाडी तालुक्यातली; सत्तरीत ब्रह्मकरमळी आहे. पोर्तुगीज काळात तिसवाडीतल्या करमळीहून ब्रह्मदेवाची मूर्ती तिकडे हलवली आणि मूर्तीबरोबर गावाचे नावही गेले. देवळासाठी जरूर जा, पण तिथून रोज पणजीला कामाला येणे जमायचे नाही.

तळी दोन्हीकडे आहेत, पण स्वभाव वेगळा. करमळीचे तळे पसरट आणि उथळ, भातशेतीला पाणी मिळावे म्हणून राखलेले. हिवाळ्यात त्यावर अडई बदकांचे थवे उतरतात, तलवार बदके येतात, कमळपक्षी पानांवरून चालत जातो. डिसेंबरात घर बघायला गेलात तर घरमालकाला काही बोलावेच लागत नाही, सही तळेच करून घेते. मी तशीच केली. एप्रिल-मेमध्ये पाणी आटत जाते, काठचा चिखल उघडा पडतो आणि संध्याकाळी त्याचा वास घरात येतो. यात तळ्याचा दोष नाही, ती शेतीच्या कामाची तळी आहेत. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाले, तेही ४२ हेक्टरांचे पाणी पावसाळा सोडून बाकीच्या दिवसांत साठवून खालच्या शेतांना देणारेच. तळे वर्षभर फोटोतल्यासारखे दिसेल अशी अपेक्षा ठेवून गोव्यात घर घेऊ नका.

मयेचे तळे डिचोली तालुक्यात, डोंगरांच्या वाटीत आहे. काठावर पर्यटन महामंडळाची निवासव्यवस्था, बोटी, आणि २०१८ पासून बंजी जंपिंग. म्हणजे रविवारी काठावर शांतता नसते. किंकाळ्या ऐकू येतात, त्याही आनंदाच्या. भाड्याची घरे मात्र काठावर नाहीत, ती वाड्यांत आहेत, कुळागरांच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांच्या, आडोशाला. खिडकीतून तळे दिसत नाही; चालत जाऊन बघायचे. मला हेच बरे वाटले. पाण्यापासून चार पावले लांब असण्याची किंमत पावसाळ्यात कळते.

जुलैचीच एक गोष्ट. करमळीच्या घरात बेडरूमची भिंत तळ्याच्या बाजूला होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तळाशी बोटभर ओल दिसली. जुलै संपेपर्यंत ती स्विचबोर्डाच्या खालपर्यंत चढली. कपाट उघडले तर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी, लग्नातल्या कोटाच्या खांद्यावर पांढरी. घरमालकाची आई आली, तिने भिंतीवर हात फिरवला आणि शांतपणे म्हणाली, ‘ही दर वर्साची. आॅगस्टांत देंवता.’ खरेच उतरली, पण रंग घेऊन उतरली. गोव्यात पाऊस साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो. ओल सगळीकडेच असते. पण पाण्यालगतच्या जमिनीतून भिंतीत चढणारी ओल आणि हवेतला दमटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर बघताना भिंतीच्या तळाशी नवा रंग दिसला तर का लावलाय ते विचारा. पलंग ओढून मागे बघा. लाज वाटत असेल तर शेजाऱ्याची भिंत बघा, ती सहसा रंगवलेली नसते.

मयेच्या घरात भिंत कोरडी, पण छप्पर मंगळुरी कौलांचे. वारा सुटला की दोन कौले सरकतात आणि स्वयंपाकघरात बादली ठेवावी लागते. कौल सरळ करायला माणूस मिळतो, ओल उपसायला मिळत नाही, म्हणून मी बादली स्वीकारली. डास दोन्हीकडे सारखेच. खिडक्यांना जाळी नसेल तर ती घरमालकाकडून बसवून घेतल्याशिवाय अनामत देऊ नका.

आता येण्याजाण्याचे. इथे करमळी सरळ जिंकते. पणजी बारा किलोमीटर, वाटेत जुने गोवे आणि कदंब पठाराचा रस्ता, जवळच खोर्लीची औद्योगिक वसाहत, बांबोळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आवाक्यात. स्टेशन तर तळ्याला लागूनच. कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही थांबतात. कुडाळला किंवा सावंतवाडीला घरी जायचे तर शुक्रवारी संध्याकाळी पिशवी घेऊन चालत निघायचे. २०१७ मध्ये पहिली तेजस एक्सप्रेस मुंबईहून निघाली तीही करमळीपर्यंतच. याची दुसरी बाजू रात्री कळते. मालगाड्या रात्रीच जास्त जातात आणि भोंगा देतातच. पहिले पंधरा दिवस मी उठून बसत असे. नंतर भोंगा वाजला नाही तर जाग येऊ लागली. तान्हे मूल असेल तर रुळांपासून लांबच्या वाड्यात बघा.

आणखी एक, जे करमळीचा कुठलाच एजंट सांगत नाही. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट झेवियरचे नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात आणि ३ डिसेंबरला फेस्त. त्या दहा दिवसांत कामावरून घरी यायला नेहमीपेक्षा किती वेळ लागेल याचा हिशेब करू नका, गाडी ठेवा आणि बस पकडा. दर दहा वर्षांनी झेवियरच्या शवाचे प्रदर्शन असते, तेव्हा ते दीड महिना चालते; २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे शेवटचे झाले. पुढचे येईपर्यंत तुमचे करार बरेच बदलतील, तेव्हा त्याची चिंता नको.

मये नकाशावर पणजीपासून फार लांब दिसत नाही, पण मध्ये मांडवी आहे. रोजचा जवळचा रस्ता म्हणजे मये, चोडण, फेरी, रायबंदर. जुलै २०२५ पासून या मार्गावर रो-रो फेरी आली आहे, त्यामुळे एका खेपेत जास्त गाड्या मावतात. तरी ऑफिसच्या वेळेला धक्क्यावरचे गणित तुमच्या हातात नसते. पोटात चहा, कानात इअरफोन, डोळे नदीकडे, आणि बॉसला मेसेज. हे ज्याला सोसते त्यानेच यावे. फेरी नको तर डिचोली, अस्नोडा, म्हापसा असा वळसा आहेच. तो रोज घेण्यात अर्थ नाही. रेल्वेसाठी थिवीला जावे लागते. मी आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जातो, म्हणून चालते. रोज नऊला टेबलावर बसावे लागले असते तर मयेत आलोच नसतो.

मयेचे आणखी दोन मुद्दे आधीच माहीत असावेत. पहिला खाणी. हा पट्टा खाणींचा. २०१२ मध्ये एकदा आणि २०१८ मध्ये पुन्हा खाणी बंद पडल्या. डिचोली ब्लॉकमध्ये २०२४ पासून काम पुन्हा सुरू झाले. ज्या रस्त्याने खनिजाचे ट्रक जातात त्यावर घर असेल तर लाल धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. घर रविवारी बघू नका, कामाच्या दिवशी सकाळी दहा-अकराला बघा. दुसरा मुद्दा जमिनीचा. पोर्तुगीजांनी मये गाव एका सरदार घराण्याला दिले होते; १९६१ नंतर ते स्थलांतरितांची, म्हणजे इथून निघून गेलेल्यांची, मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या नावावर जमीन नाही अशी स्थिती झाली. २०१४ च्या कायद्याने वाट मोकळी केली. भाडेकरूला याचा त्रास होत नाही, पण घरमालकाकडे विक्रीखत मागून त्याला अवघडवू नका. घरपट्टीची पावती आणि त्याच्या नावाचे वीजबिल बघा, तेवढे पुरे.

करारावर थोडे बोलायला हवे. गोव्यात अकरा महिन्यांचाच करार मिळतो. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, हे एक कारण. दुसरे कारण घरमालकाच्या मनात असते. मयेत चावी देताना मालक हसत म्हणाले, ‘घर दितां पूण, मागीर मुंडकार जायनाकात हां.’ मुंडकार म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा. १९७५ च्या कायद्याने त्याला बाहेर काढता येत नाही. आपल्या घरात आलेला माणूस उद्या तसा हक्क सांगेल, ही धास्ती जुनी आहे. गंमत अशी की घराचे भाडे देणारा त्या कायद्याने मुंडकार ठरत नाही. म्हणून भाडे रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि ‘भाडे’ असे लिहूनच द्या. तुमच्याइतकीच ती मालकाच्या सोयीची गोष्ट आहे. हे समजावून सांगितल्यावर आमच्या मालकांनी अनामत एका महिन्यावर आणली. पोलीस स्थानकातला भाडेकरू पडताळणीचा फॉर्म त्यांनीच आणून दिला. तो भरायचाच, कंटाळा करू नका.

माडांचेही करारात लिहून घ्या. माझ्या अंगणात पाच माड आहेत. पहिल्या महिन्यात पडलेला एक नारळ मी आमटीत घातला आणि चौथ्या दिवशी पाडेली (नारळ पाडणारा) आला तेव्हा मालकांनी मोजणी केली. काही बोलले नाहीत, पण मोजले. आता ठरले आहे: झाडावरचे त्यांचे, वाऱ्याने पडलेले आमचे.

भाषेचा मुद्दा मराठी माणसाला मयेत जाणवतच नाही. वाड्यावरची भजने, देवळातले काले, दुकानातला हिशेब, सगळे मराठी-कोंकणीच्या सीमेवर सहज चालते. करमळीत थोडी कोंकणी लागते आणि दोन महिन्यांत येते. मडगावला किंवा वेर्ण्याला नोकरी असणाऱ्यांनी या दोन्हींच्या नादी न लागता कुडतरी बघावी. सासष्टीचे कोठार म्हणतात त्या गावाला, तळी भरपूर, मडगाव जवळ. मी तिथे राहिलेलो नाही, तेव्हा जास्त सांगत नाही.

तर रोज पणजी, मुले शाळेत, घरी वयस्कर माणूस आणि दवाखाना जवळ हवा, असे असेल तर करमळी. पण काठावरचे नको, दोन गल्ल्या आतले. घरून काम, किंवा निवृत्ती, किंवा डिचोलीतच नोकरी असेल तर मये. दोन्हीकडे नोटीस एका महिन्याची लिहून घ्या आणि करार मेअखेरीला संपणार नाही अशी तारीख धरा. जूनमध्ये घर हलवायला टेम्पोवाला तयार होतो, पण ताडपत्री आणतो ती भोकांची, आणि गाद्या भिजल्या तर वाळायला ऑक्टोबर उजाडतो.