जुना ट्रेलर उभा करावा, नवा बांधावा, की तंबू टपावर चढवावा?

माघी पौर्णिमेच्या आधी सौंदत्तीच्या रस्त्यावर उभं राहून बघा. ट्रॉलीवर कमानी, कमानींवर ताडपत्री, खाली पेंढा आणि पेंढ्यावर आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत अख्खं घर. यल्लम्माच्या डोंगराखाली मुक्काम करायच्या तयारीनं निघालेलं हे बिऱ्हाड म्हणजे टेंट ट्रेलरच की! त्यामुळे बेळगावात कुणी ‘जुना ट्रेलर घेऊन तंबू बसवतोय’ म्हणाला तर मला नवल वाटत नाही. तो आधी तंबूचं कापड बघत फिरतो, याचं वाटतं.

पर्याय तीन. कुणाच्या तरी खळ्यात गंजत पडलेला जीपचा ट्रेलर घेऊन तो नव्यानं उभा करायचा, उद्यमबागेतल्या कारखान्यांत नवी चासी, म्हणजे ट्रेलरचा खालचा सांगाडा, बांधून घ्यायची, किंवा ट्रेलरचा नादच सोडून गाडीच्या टपावर उघडणारा तंबू घ्यायचा. मी पहिला केला, तिसऱ्यात मित्राबरोबर बऱ्याच रात्री काढल्या. दुसऱ्याबद्दल सांगतो ते वर्कशॉपच्या स्टुलावर बसून पाहिलेलं.

माझं मत आधीच सांगतो: जुन्या ट्रेलरमध्ये विकत घेण्यासारख्या दोनच गोष्टी असतात, कागद आणि अॅक्सल. बाकी सगळं तुम्ही बदलणारच आहात.

१९८८च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरही येतो. म्हणजे त्याला स्वतःची नोंदणी आणि स्वतःचा नंबर हवा. नवी चासी बांधायला इथं हुशार हातांची कमी नाही. फौंड्री आणि लेथवर वाढलेलं गाव आहे हे. पण नोंदणीच्या वेळी उत्पादकाचं प्रमाणपत्र मागतात, आणि वेल्डिंग मशीन असलेला प्रत्येक जण कायद्यानं उत्पादक होत नाही. नवा पर्याय बहुतेकांचा इथंच अडतो. जुन्याचं आर.सी., म्हणजे नोंदणीपत्र, धड असेल तर हा डोंगर आधीच ओलांडलेला असतो. तरीही लांबी-रुंदी किंवा बॉडी बदलायची असेल तर कलम ५२ आहे. आर.सी.वरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, म्हणून कापाकापीआधी आर.टी.ओ.त विचारून या. मी डब्याला हात लावला नाही. तंबूची घडी वर बोल्टनं बसवली.

सीमेवर राहणाऱ्यांसाठी आणखी एक खाच. चंदगड किंवा कागलकडे स्वस्तात मिळालेला ट्रेलर एमएच-०९चा, म्हणजे कोल्हापूरच्या नंबरचा, असतो. तो कायमचा इकडे ठेवायचा तर तिकडची एन.ओ.सी. आणावी लागते, आणि बारा महिन्यांच्या पुढे ठेवला तर इथला नंबर घ्यावा लागतो. भाव करताना ही धावपळ धरा.

आता अॅक्सल. चाक जॅकवर उचला, वरखाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग बदलायचं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं ते वाकलेल्या अॅक्सलला आणि तिरक्या चासीला. एक सुतळी घ्या. हुकाच्या टोकापासून दोन्ही हबपर्यंतचं अंतर सारखं भरतंय का, चासीचे दोन्ही कर्ण सारखे आहेत का, बघा. मग जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन रंगाच्या फुगवट्यांवर टोचा. आत गेला तर मुकाट्यानं घरी या.

माझी चूक झाली ती दांड्याची, म्हणजे ट्रेलर गाडीच्या हुकाला जोडणाऱ्या लोखंडी दांड्याची. दांडा चासीला जिथं मिळतो तिथं मजबुतीसाठी एका वर्कशॉपनं खालच्या बाजूला आडवं वेल्डिंग मारून दिलं. दिसायला झकास. किणये ओलांडून जांबोटीच्या वळणांवर लागलो आणि तिसऱ्याच फेरीत त्या वेल्डिंगच्या कडेनं केसाएवढी चीर गेली. सगळ्यात जास्त ताण येतो त्याच रेषेवर आपणच लोखंड तापवून कमजोर केलेलं असतं. दुसऱ्या मिस्त्रीनं दांडा बदलला, बाजूनं लांब पट्टी लावली आणि म्हणाला, “करून देतो की, खरं आडवं वेल्डिंग सांगू नकोस.” तेव्हापासून, दांडा तुटलाच तर ट्रेलर सुटू नये म्हणून, गाडीला साखळी लावल्याशिवाय मी फाटकाबाहेर पडत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या पाव टनी जीप ट्रेलरला जीपचीच चाकं असत. खडबडीत वाटेवर ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो, आणि पक्क्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट माल, असा त्याचा हिशेब होता. दोन्ही गोष्टी आजही पाळाव्यात. ट्रेलरचं चाक गाडीला आणि गाडीचं ट्रेलरला बसलं तर कणकुंबीच्या पुढं पंक्चर झाल्यावर स्टेपनी शोधत बसावं लागत नाही. आणि पाणी, गादी, गॅस, बॅटरी करत करत २२७ किलो कधी ओलांडले ते कळतही नाही. एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा. भरलेला ट्रेलर साडेचारशे किलोचा असेल तर हुकावर सिमेंटच्या एका पोत्याएवढं. हुकावर त्याहून कमी भार आला तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो.

जांभ्याच्या दगडांवरून जायचं तर उंची लागते. अॅक्सल पाट्याच्या (स्प्रिंगच्या) वर बसवलेला असेल तर तो पाट्याखाली घेतला की चासी वर उठते. त्याबरोबर डुलणंही वाढतं, म्हणून जड सामान तळाशी. पूर्वेकडच्या काळ्या मातीत मात्र पाऊस पडला की कुठलाही ट्रेलर नांगर होतो. तिथं तिसरा पर्याय सरळ जिंकतो.

टपावरचा तंबू लाखाच्या आसपासपासून पुढे मिळतो. त्याला वेगळा नंबर नको, आणि बैलगाडी मागं सारायचा सराव नसला तरी चालतं. (ज्यानं ट्रॉली रिव्हर्स घेतली आहे त्याला ट्रेलर अर्ध्या तासात जमतो, शहरातल्या ड्रायव्हरला दोन रविवार लागतात.) पण असा तंबू पन्नास-साठ किलोचा असतो, आणि हे वजन चोर्ला घाटाच्या वळणांवर डोक्यावर असतं. टपाला चालत्या गाडीत किती पेलतं हे गाडीच्या पुस्तकात बघा. कॅरियरचं वजनही त्यातच मोजायचं. शिवाय सकाळी दूध आणायला खानापूरला जायचं म्हटलं की अख्खं घर मिटावं लागतं. ट्रेलर जागेवर सोडून गाडी मोकळी होते. आईला रात्री दोनदा शिडी उतरावी लागली, त्या दिवशी आमच्या घरातला वाद मिटला. जळवांपासून मात्र दोन्ही सारखेच वाचवतात.

कापडाचं थोडक्यात. जुनं कापड फेकून द्या. पीव्हीसी ताडपत्री स्वस्त, पण आतून घामेजते आणि पहाटे थेंब तोंडावर पडतात. सुती किंवा मिश्र कॅनव्हास श्वास घेतो. शिवून झाल्यावर तो एकदा पूर्ण भिजवून वाळवायचा, म्हणजे धागे फुगून शिवणीची भोकं बुजतात. ओला मिटला तर दुसऱ्या दिवशी उघडायलाच हवा, नाहीतर बुरशी. गादीखालची फळी आयएस ७१० खुणेची मरीन प्लायवूडच घ्या. साधी फळी आमच्याकडचा एक जुलै काढत नाही.

आणि हा जुलैच बऱ्याच जणांचा निर्णय करून टाकतो. ओला तंबू पसरायला पडवी, ट्रेलर उभा करायला परडं असेल, तर जुना उभा करा. टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर टपावरचा घ्या, किंवा तोही न घेता साधा जमिनीवरचा तंबू घेऊन एक हिवाळा काढा. नव्या चासीच्या वाटेला, प्रमाणपत्र देणारा बांधणारा हातात असल्याशिवाय, मी कुणाला पाठवणार नाही.

मुक्काम कुठं, हाही खर्चाचाच भाग आहे. खानापूरकडचं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथं वन खात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढायची नाही. आम्ही ओळखीच्या माणसाच्या मालकीच्या माळावर, विचारून थांबतो. ऊसतोडीच्या हंगामात अंधार पडायच्या आत तिथं पोचतो, कारण पुढं चाललेल्या दुहेरी ट्रॉलीला मागं दिवा असेलच असं नाही. आपल्या ट्रेलरला मात्र लाल रिफ्लेक्टर दोन्ही कोपऱ्यांत हवेत.

ट्रेलर बघायला गेलात की आधी आर.सी. मागा. ‘घरी आहे, नंतर पाठवतो’ म्हणाला, तर चहा प्या आणि परत या.