सातवीत पाऊल टाकताना: वरच्या वर्गातली ताई की समाजातला वडीलधारा?

इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मूल प्राथमिक शाळा सोडून माध्यमिक शाळेत, सातवीत जातं. एक वर्ग, एक बाई हे संपतं. सप्टेंबरपासून तासागणिक शिक्षक बदलतात. कृष्णवर्णीय कॅरिबियन मुलांना शाळेतून काढण्याचं प्रमाण सरासरीहून जास्त आहे, हे सरकारी आकडेच सांगतात. म्हणून हाताला धरणारं कुणीतरी हवंच.

दहावीतली ताई जवळची वाटते. बाह्या बोटांवर आलेला नवा ब्लेझर घातलेल्या मुलाशेजारी बसून ती वेळापत्रक रंगवून देते, विज्ञान हिरवं, गणित निळं. मधल्या सुट्टीत कुठल्या जिन्यावर रेटारेटी असते तेही तिलाच ठाऊक. पण पुढं तिचीच परीक्षा तोंडावर येते.

कॅरिबियन समाजातल्याच वडीलधाऱ्याला जिने माहीत नसतात. तो आठवड्यातून तासभरच येणार. पण वर्गात दोन मुलं बोलत असताना बाहेर एकालाच का काढलं, हे मुख्याध्यापकांसमोर आईशेजारी बसून तो विचारू शकतो. वेण्यांवरून मुलाला अडवलं, तर ब्रिटनच्या समानता आयोगाची २०२२ची केसांबाबतची मार्गदर्शिका पुढे ठेवू शकतो. शिवाय त्याच्यामागे परंपरा आहे: १९६०च्या दशकापासून कॅरिबियन पालकांनी स्वतः उभ्या केलेल्या शनिवारच्या शाळांची.

एकच निवडायचं तर मी वडीलधाऱ्याला निवडेन, आणि तेही मे महिन्यातल्या सहावीच्या परीक्षा आटोपताच, मूल जुन्या शाळेत असतानाच. ओळख जुनी असेल तरच ऑक्टोबरात मूल त्याच्याशी खरं बोलेल. ताई पहिल्या सहा आठवड्यांसाठी मिळाली, तर सोन्याहून पिवळं.