समुद्रकाठचं घर, बारा महिन्यांचा करार आणि आमचे २ लाख ६८ हजार

पोर्तुगालमध्ये भाड्याचं घर घेताना आमची ऑनलाईन फसवणूक झाली. घर न बघता पैसे कशाला पाठवले, हा प्रश्न आजवर प्रत्येकाने विचारला आहे. त्याचं उत्तर आधीच देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. पोर्तुगालच्या डी-८ व्हिसासाठी, म्हणजे बाहेरच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठीच्या व्हिसासाठी, राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. आम्हाला मिळालेल्या यादीत तो 'बारा महिन्यांचा भाडेकरार' असा स्पष्ट लिहिला होता. हॉटेलचं बुकिंग चालणार नव्हतं. घर बघायला जायचं तर वेगळा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपात थोडे दिवस फिरण्यासाठीचा, चौघांची तिकिटं, राहण्याचा खर्च. म्हणजे नाशिकमध्ये बसून, न पाहिलेल्या गावातल्या न पाहिलेल्या घराचा वर्षभराचा करार करायचा, तरच व्हिसाची फाईल पुढे सरकणार. चोर नेमके याच फटीत बसलेले आहेत. तुम्ही कितीही हुशार असलात तरी त्या फटीतून जावंच लागतं.

नवऱ्याच्या पगारात अडचण नव्हती. २०२५ मध्ये पोर्तुगालचं किमान वेतन महिन्याला ८७० युरो होतं, डी-८ला त्याच्या चौपट म्हणजे ३,४८० युरो उत्पन्न दाखवावं लागत होतं, ते बसत होतं. बसत नव्हतं ते लिस्बनचं भाडं. दोन मुलं, त्यांची शाळा, सगळं नव्याने उभं करायचं, तर पगारातला निम्मा वाटा भाड्यात घालवायचा नव्हता. नवरा मूळचा रत्नागिरीचा, त्यामुळे लिस्बन नाही तर निदान समुद्र तरी असू दे, एवढीच त्याची मागणी. कश्काइश, एरिसेरा ही समुद्रकाठची नावं भाडं बघताच खोडली. शेवटी नझारेवर येऊन थांबलो. लिस्बनपासून उत्तरेला, लायरिया जिल्ह्यातलं मासेमारीचं जुनं गाव. जगातल्या सर्वांत उंच लाटांपैकी काही इथे उठतात म्हणून हल्ली सर्फिंगवाल्यांमुळे गाजलं आहे.

तिथे टी-२, म्हणजे आपल्याकडचा टू बीएचके, ८५० ते ९५० युरोंच्या खाली कुणी बोलत नव्हतं. त्यातही निम्म्या मालकांची अट अशी की घर सप्टेंबर ते जून एवढंच मिळेल. जुलै-ऑगस्टमध्ये तेच घर आठवड्याच्या हिशोबाने पर्यटकांना देतात आणि दोन महिन्यांत भरपूर कमावतात. समुद्रकाठच्या बहुतेक गावांत हीच रीत आहे, हे लिहून ठेवा. बारा महिन्यांचा करार, समुद्र दिसणारी खिडकी आणि भाडं इतरांपेक्षा कमी, हे तिन्ही एकत्र दिसलं की तिथेच थांबा. आम्हाला ते तिन्ही ६४० युरोंत मिळालं.

जाहिरात एका मोठ्या, नावाजलेल्या पोर्टलवर होती. मालकीणबाई स्वतःला डॉक्टर म्हणवत होत्या, नोकरीसाठी आयर्लंडला गेलेल्या. 'घर रिकामं ठेवायचं नाही, भाड्यापेक्षा चांगलं कुटुंब महत्त्वाचं' असं लिहायच्या. मुलांची वयं विचारली, जवळची शाळा कुठली तेही सांगितलं. पासपोर्टची प्रत, घराचा कर-उतारा, नोंदणी कार्यालयाच्या मालकी-दाखल्याचा ऑनलाईन कोड, पोर्तुगीज आणि इंग्रजी असा दोन रकान्यांतला करार, सगळं आलं. आम्ही डोळे झाकून पुढे गेलो असं कुणी म्हणू नये. मी तिथला कायदा वाचला होता. ऑक्टोबर २०२३ नंतर मालकाला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं आगाऊ आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं. बाईंनी बरोबर तेवढंच मागितलं, चार गुणिले ६४०, एकूण २,५६० युरो. कायद्याच्या एक युरोही वर नाही. त्यामुळेच आमची खात्री पटली. कायदा आपल्याइतकाच चोरही वाचतो, हे तेव्हा कोण सांगणार होतं?

आता तो प्रसंग. गेले कित्येक महिने रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे.

फेब्रुवारी २०२५. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरत होतो. नवरा मोबाईलवरून खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, एकेक अक्षर वाचत होता, मी चौकटींत लिहीत होते. पहिली दोन अक्षरं, एल आणि टी. बँकेच्या देशाच्या रकान्यात मी आधीच पोर्तुगाल लिहून ठेवलं होतं. काउंटरवरच्या माणसाने आकडे सिस्टीममध्ये टाकले, स्क्रीनकडे बघितलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. "मॅडम, देश लिथुआनिया येतोय. पोर्तुगाल खोडा, वर लिथुआनिया लिहा आणि शेजारी सही करा." मी पोर्तुगालवर आडवी रेघ मारली, वर लिथुआनिया लिहिलं, शेजारी सही केली. निळ्या शाईची ती रेघ अजून माझ्याकडच्या प्रतीत आहे.

पोर्तुगालमधला प्रत्येक आयबॅन पीटी५० ने सुरू होतो. प्रत्येक. पंचवीस अक्षरांचा असतो. लिथुआनियाचा वीसच अक्षरांचा. फॉर्मवर पाच चौकटी रिकाम्या राहिल्या होत्या, त्या डोळ्यांसमोर होत्या. घर पोर्तुगालचं, बाई राहते आयर्लंडला आणि खातं तिसऱ्याच देशात! तिथेच फॉर्म फाडायला हवा होता.

पण का फाडला नाही, तेही सांगते. बाईंना आम्ही तिथूनच मेसेज केला होता. 'माझं खातं मोबाईलवरच्या बँकेत आहे, त्यांचे क्रमांक लिथुआनियाचेच असतात,' असं उत्तर दोन मिनिटांत आलं. आणि हे खोटं नाही! युरोपात अशा बँका खरोखर आहेत, नवऱ्याच्या एका सहकाऱ्याचा पगारही तशाच खात्यात जमा होतो. युरोपात दुसऱ्या देशाचा आयबॅन आहे म्हणून खातं नाकारता येत नाही, असा नियमच आहे. आम्ही विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं आणि ते पटण्यासारखं होतं. शिवाय समोर बसलेला बँकेचा माणूस, ज्याचं कामच हे, त्याला देश बदललेला दिसला. पॅन कार्डाची प्रत त्याने दोनदा मागितली. पैसे कशासाठी पाठवताय याचा कोड तपासला. घरभाडं लिथुआनियाला का जातंय, एवढा एक प्रश्न मात्र त्याला विचारावासा वाटला नाही.

युरो ९१ रुपये ४० पैशांनी धरला. २,५६० युरोंचे २,३३,९८४ रुपये, कमिशन आणि जीएसटी मिळून खात्यातून २,३६,०५५ गेले. हे पैसे सासूबाईंची एफडी मोडून उभे केले होते. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आठवड्याभरात दुसरी मागणी आली. करार कर खात्यात नोंदवायचा, त्याची स्टॅम्प ड्यूटी ३२० युरो. तोवर आम्ही व्हिसाची तारीख घेतली होती आणि नोंदवलेला करार हातात हवा होता. पाठवले. सगळं धरून ३१,१५१ रुपये. खरी गोष्ट अशी की ही ड्यूटी एका महिन्याच्या भाड्याच्या दहा टक्के असते, म्हणजे ६४ युरो, आणि ती मालकाने भरायची असते. भाडेकरूकडे कुणी मागितली की समजा, समोर मालक नाही.

तिसऱ्यांदा १,२८० युरो मागितले. 'तुमचा पोर्तुगालमध्ये जामीनदार नाही, म्हणून परत मिळणारी हमी.' जामीनदार तिथे खरोखरच मागतात, त्यामुळे हेही अगदीच अशक्य वाटत नव्हतं. पण या वेळी नवऱ्याने मित्राच्या ओळखीतल्या एका काकांना फोन लावला. मूळ गोव्याचे, कित्येक वर्षं लिस्बनमध्ये राहतात. त्यांनी बाईंनी दिलेला दाखल्याचा कोड सरकारी साईटवर टाकला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. त्या कोडवर उघडलेला दाखला एका गॅरेजचा होता, तोही दुसऱ्याच गावातला. मालकाचं नाव वेगळं. काका म्हणाले, "बाळा, आता एक पैसा पाठवू नकोस." आम्हीही तो कोड टाकला होता, हे सांगायला हवं. दाखला उघडला, सरकारी शिक्का दिसला, पोर्तुगीजमध्ये दोन पानं दिसली आणि आम्हाला वाटलं की झालं. मिळालेला कोड नुसता उघडून बघू नका. गाव, रस्ता, घराचा प्रकार आणि मालकाचं नाव करारातल्या नावाशी जुळवा, वाचता येत नसेल तर वाचणारा शोधा. मालक कोड द्यायला कां-कू करत असेल तर १५ युरो भरून दाखला स्वतः काढता येतो, सहा महिने चालतो. मध्ये एजंट असेल तर त्याचा एएमआय, म्हणजे घरांच्या दलालीचा, परवाना क्रमांक मागा आणि सरकारी यादीत शोधा.

नंतर तो व्हिडिओ पुन्हा बघितला. 'आज सकाळीच काढला' म्हणून फेब्रुवारीत पाठवलेला. खिडकीतून किनारा दिसतो, वाळूवर रंगीत पट्ट्यांच्या कापडी तंबूंच्या रांगा, पाण्यात लहान मुलं. ते तंबू नझारेत उन्हाळ्यातच लागतात. फेब्रुवारी म्हणजे तिथल्या मोठ्या लाटांचा हंगाम! पण नाशिकमध्ये बसून हे कुणाला कळणार? गावाचे सगळे फोटो आम्ही तसेच पाहिले होते, तंबूंसकट. व्हिडिओ मागाल तर चालू कॉलवर मागा, आणि खिडकी उघडून खाली रस्ता दाखवायला सांगा.

पुढचं सगळं लिहायला बसले तर वही पुरणार नाही.

बँकेत गेलो. पैसे परत बोलावण्याचा संदेश पाठवायची फी १,१८० रुपये, ती आधी भरून घेतली. उत्तर आलं की रक्कम खात्यात जमा झाली आहे, आता खातेदाराच्या संमतीशिवाय परत येणार नाही. चोराची संमती! आणि फॉर्मवर माझी सही असल्याने बँकेची जबाबदारी नाही. ज्या सहीसाठी त्यांनीच फॉर्म पुढे सरकवला होता, तीच सही. लिथुआनियातल्या त्या बँकेला लिहिलं, तर 'तुमच्या बँकेमार्फत या' असं छापील उत्तर.

पोलीस ठाण्यात तर विचारू नका. 'पैसे परदेशात गेले, घर परदेशात, बाई परदेशात, मग आमच्या हद्दीत घडलं काय?' मी म्हटलं, फसवलेली मी इथे उभी आहे, पैसे इथल्या खात्यातून गेलेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायलाच हवी. हे मी बोलले तेव्हा समोरच्याने 'मॅडम वकील आहात का' असं विचारलं. मग चॅटच्या प्रिंट मागितल्या, प्रत्येक पानावर सही. मग पोर्तुगीज कराराचं अधिकृत भाषांतर मागितलं. खोट्या कराराचं भाषांतर, माझ्या खर्चाने. ते नेलं तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. दोन-अडीच लाखांसाठी एवढं कशाला धावता, लोकांचे कोटी गेलेत, असंही ऐकवलं. कोटी गेलेल्यांचा तपास तरी कुठे लागलाय? आणि आमचे दोन-अडीच लाख काय झाडाला लागले होते?

पोर्टलने जाहिरात तासाभरात काढली, त्याबद्दल आभारसुद्धा मानले. जाहिरात देणाऱ्याची माहिती मात्र पोलिसांच्या पत्राशिवाय देणार नाही. पोलीस म्हणतात, माहिती आणा, मग पत्राचं बघू. पोर्तुगालच्या पोलिसांना मेल केला तर प्रत्यक्ष येऊन किंवा वकिलाला मुखत्यारपत्र देऊन तक्रार करा, असं कळवलं. वकिलाने नुसत्या तक्रारीचे २५० युरो सांगितले. तिथे आम्ही हात टेकले.

असं कुणाचं झालं तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर लगेच फोन करा, त्याच तासात, आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. बँकेला तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, आम्ही केली आहे. सगळ्यात मोठी सूचना त्या कराराबद्दल. तो आमच्या व्हिसाच्या फाईलमध्ये लागला असता तर खोटं कागदपत्र दिल्याचा ठपका आमच्यावर बसला असता, आणि तो पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा आला असता. थोडक्यात वाचलो. तारीख रद्द केली. ओळखीतला कुणी तिथला रहिवासी राहण्याची हमी लिहून देत असेल, तर ती चालते का हे आपल्या व्हिसा केंद्राला लेखी विचारा. आम्ही आता तेच करतोय.

एकूण गेले ते २,६८,३८६ रुपये, भाषांतराचा खर्च सोडून.

परवा तोच व्हिडिओ पुन्हा दिसला. आता घर पेनिश नावाच्या दुसऱ्या गावात आहे, भाडं ५९० युरो, मालक आता पुरुष आहे, इंजिनियर, नॉर्वेला. मी जाहिरातीची तक्रार केली, ती काढलीही. उद्या दुसऱ्या नावाने परत येईल. बैठकीत हिरवा सोफा, त्याच्या वर भिंतीवर जुन्या होडीचं लाकडी वल्हं टांगलेलं, आणि स्वयंपाकघरात पांढऱ्या-निळ्या टाईल्स. हे घर कुठल्याही गावाच्या नावाने समोर आलं तर त्या माणसाशी बोलत बसू नका. जाहिरातीचा आणि खाते क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून मला पाठवा, पोलिसांकडच्या फाईलला जोडायचा आहे.