खाडिलकरांचं श्राव्य चरित्र: नाटककार ठणठणीत, संपादक अर्धपोटी

आम्ही सांगलीकर. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आमच्या गावचे, त्यामुळे त्यांच्याविषयी कुणी काही सांगू लागलं की आधी परीक्षा घेणारच. त्यात माझी हयात मुद्रितशोधनात गेलेली. तरी हे श्राव्य चरित्र शेवटपर्यंत ऐकलं.

'कीचकवधा'चं प्रकरण फर्मास जमलंय. नाटक १९०७ चं. लोकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला, सैरंध्रीत देश, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. सरकारची बंदी यायला १९१० उजाडलं. वाचणाऱ्या बाईंनी कीचकाचा माज आवाज न चढवता आणलाय, हे सोपं नाही. खाडिलकरांचा नेपाळातला काळ मात्र भर्रकन उरकलाय. कौलांच्या कारखान्याआडून शस्त्रं बनवायचा बेत करणारा माणूस, त्याला एवढीशी जागा?

'मानापमान'ची तर दैना. १९११ सालचं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, बालगंधर्वांची भामिनी. आणि पदं वाचलीत ती रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी. ध्वनिमुद्रणाचे हक्क मिळाले नसतील, मान्य. पेटीवर नुसती चाल वाजवायला काय हरकत होती?

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. यात पत्रकारिता जोडधंद्यासारखी येते. टिळक मंडालेला गेले त्या काळात 'केसरी' यांनी सांभाळला. टिळकांच्या निधनानंतर मुंबईत आधी दैनिक 'लोकमान्य', मग १९२३ मध्ये स्वतःचा 'नवाकाळ', १९२९ ला राजद्रोहाची शिक्षा. हे सगळं शेवटच्या प्रकरणात कोंबलंय. अहो, 'भाऊबंदकी' नाटक १९०९ चं! गुरू तुरुंगात, पत्रावर सरकारचा डोळा, आणि हा माणूस रंगभूमीवर रामशास्त्र्यांकडून राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सुनावतोय. तो प्रवेश अग्रलेखाच्या टेबलावरूनच उठून आलाय, असं माझं ठाम मत. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या असत्या तर हे चरित्र कुठल्या कुठे गेलं असतं.

उच्चार स्वच्छ आहेत, 'च' आणि 'ज' नीट वेगळे ऐकू येतात, हल्ली याचंही कौतुक करावं लागतं. मागचं संगीत मध्येच शब्दांवर चढतं, तेवढं खटकतं.

पाचपैकी साडेतीन तारे. प्रवासात ऐकायला हरकत नाही. 'मानापमान' आलं की सरळ पुढे सरकवा आणि बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांतलं गाणं शोधून लावा.