लक्सन: टाइमझोनचं काम चोख, वजन मात्र जास्त

जावास्क्रिप्टमध्ये तारीख-वेळ हाताळणाऱ्या मोमेंट.जेएस या लायब्ररीत २०२० पासून नवी सुविधा येत नाही. पर्याय म्हणून लक्सन ही लायब्ररी भक्कम आहे. टाइमझोनची माहिती ती ब्राउझरच्या इंटलमधून (भाषा-प्रदेशानुसार तारखा, आकडे मांडणारी अंगभूत सोय) घेते, त्यामुळे वेगळी डेटा फाइल लागत नाही. महिने १ ते १२, जावास्क्रिप्टच्या मूळ 'डेट'सारखे शून्यापासून नव्हे. हुश्श!

खरी कसोटी उन्हाळी वेळेसाठी घड्याळ एक तास पुढे-मागे होतं तेव्हा. न्यूयॉर्कच्या झोनमधले ८ मार्च २०२५, सकाळचे १० घ्या. वेळ पुढे नेणाऱ्या 'प्लस'मध्ये १ दिवस दिला तर दुसऱ्या दिवशीचे १० येतात. २४ तास दिले तर ११, कारण त्या रात्री एक तास गाळला जातो. दोन्ही उत्तरं बरोबर. रोजच्या मीटिंगला दिवस वापरा, टायमरला तास. भारतात घड्याळ बदलत नाही, म्हणून 'एशिया/कोलकाता'वरच टेस्ट केली तर दिवस आणि २४ तास यांतली गल्लत दिसतच नाही.

खटकणाऱ्या गोष्टी: चुकीच्या तारखेवर ती मुकाट राहते, म्हणून अशा वेळी एरर देणारं 'थ्रोऑनइनव्हॅलिड' हे सेटिंग सुरुवातीलाच चालू करा. 'एमआर' (मराठी) लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, दिलं की आकडे देवनागरीत येतात. इनव्हॉइसवर नको असतील तर नंबरिंग सिस्टिम 'लॅटन' (1, 2, 3 असे आकडे) ठेवा. नुसती तारीख छापायची असेल तर डे.जेएस ही लायब्ररी पुरे, ती आकाराने कितीतरी हलकी आहे.