भाव ग्रॅमचा होता

नाव सांगत नाही. वय 54, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो, शुगर 11 वर्षांपासून. मला 29,340 रुपयांना गंडवलंय आणि कारण असं आहे की सख्ख्या भावालाही सांगता येत नाही.

सीबीएस बसस्टँडजवळ चहाच्या गाड्यावर मी बिनसाखरेचा चहा मागितला. तिथे उभ्या एका माणसाला एवढं पुरलं. "काका, शुगर का? आमच्या सासऱ्यांनाही होती." मग आवाज खाली आणून, "शुगरवाल्यांना आणखी एक त्रास असतो, पण बोलत कोणी नाही." मला वाटलं, याला कसं कळलं? अहो, कळायचंय काय त्यात! साखर रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही खराब करते. बरीच वर्षं शुगर असलेल्या पुरुषांपैकी कितीतरी जणांना हा ताठरता न येण्याचा त्रास असतो. अंधारात दगड मारला तरी कोणाला तरी लागणारच.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. सासरे ठणठणीत झाले, कागदावर जडीबुटींची नावं लिहून दिली, "माझं यात काही नाही हो काका", आणि दुकान योगायोगाने जवळच. शालिमारच्या अलीकडच्या बोळात. खर्च किती? "हजार-दीड हजार."

जडीबुटी 1,340 ची झाली. तिथपर्यंत त्याचा शब्द खरा होता. मग दुकानदाराने काचेची बरणी काढली. "यात भस्म लागतं. साडेचौदाशे भाव आहे. सोळा घालू ना?" मी म्हटलं, "घाला."

हे "घाला" मला अजून झोपू देत नाही. 26 वर्षं मी माल उतरवून घेतोय. नग की डझन, किलो की लिटर, हा रकाना पाहिल्याशिवाय एकाही चलनावर सही केलेली नाही. आणि तिथे साडेचौदाशे कशाचे, सोळा काय, हे तोंडातून निघालं नाही. मला वाटलं सगळ्याचे मिळून साडेचौदाशे. भाव होता ग्रॅमचा. 16 ग्रॅमचे 23,200. मी तोंड उघडेपर्यंत पोऱ्याने ते खलबत्त्यात टाकून कुटायला घेतलं होतं. "मिसळलेलं परत कसं घेणार काका?" बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी. (ती त्यांचीच माणसं असणार, हे आता कळतंय.) त्यांच्यासमोर ह्या औषधावरून भांडायचं? खिशातले 3,000 दिले, 14,000 फोनवरून, आणि एटीएममधून काढून आणून 7,540. पोऱ्या एटीएमपर्यंत सोबत आला होता. वरचे 40 रुपयेसुद्धा सोडले नाहीत.

मूर्ख म्हणा. पण माझ्या डॉक्टर बाई आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. बाहेर वीस पेशंट बसलेले. तिथे हा विषय काढायचा कसा? 11 वर्षांत एकदाही जमलं नाही. त्या गाड्यावरच्या माणसाने मात्र आपणहून विचारलं.

चूर्ण घेतल्यावर फरक पडला, हे कबूल करतो. पण सोबत डोकं ठणकायचं, चेहरा तापायचा, नाक चोंदायचं. फोन केला तर म्हणे, गरमी बाहेर पडतेय, थंडाईचं वेगळं चूर्ण घ्या. पाठवले आणखी 4,800. हो, दुसऱ्यांदा. तिसऱ्या रात्री दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, मशीनवर साखर 54. मिसेसने साखरपाणी पाजलं आणि मग तिला सगळं सांगावं लागलं.

डॉक्टर बाईंनी शांतपणे ऐकलं. डोकं, चेहरा, नाक ही सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाची, ओळखीची लक्षणं, त्यामुळे चूर्णात तीच गोळी कुटून घातलेली असू शकते, म्हणाल्या. साखर उतरवणारं औषधही असू शकतं. 2008 साली सिंगापुरात अशाच बनावट गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषध सापडलं होतं आणि काही माणसं दगावली होती. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने हे चूर्ण घेतलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये असे दोघे आहेत.

पोलीस ठाण्यात साहेबांनी अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, "कशाचं औषध होतं?" मग, "तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे दिले ना?" सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, दुकानात उभं राहून दिलेत, हे आमच्यात बसत नाही. औषधांच्या कार्यालयात बिल मागितलं. बिलावर लिहिलंय "काष्ठौषधी किराणा". चूर्ण सुटं, लेबल नाही, बॅच नंबर नाही, म्हणून नमुना घेता येत नाही. अहो, लेबल असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? ग्राहक मंचात जा. चार ठिकाणी चार अर्ज, तीन रजा, आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, तेच दबलेलं हसू. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध 1954 चा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आहे आणि नपुंसकत्वही. तरी स्टँडच्या मुतारीत बघा, भिंतीवर जागा उरलेली नाही.

फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मी अकरा दिवसांनी लावला, लाजेपायी. आणि सुटं चूर्ण कोणाकडूनही घेऊ नका, तुमच्या मामाकडूनही नाही.

खरी गोळी चिठ्ठीवर मिळते. बाईंनी आधी ईसीजी काढला, सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू आहे का विचारलं, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, केली. ते 9.4 निघालं, म्हणजे बरंच जास्त. चार गोळ्यांचे 112 रुपये. पहिल्या वेळी काहीच झालं नाही, कारण मी पोटभर जेवून घेतली होती. जड जेवणानंतर ती उशिरा लागू पडते. शुगरवाल्यांना गुणही इतरांपेक्षा कमी येतो, एकदोनदा घेऊन सोडू नका, म्हणाल्या. मुळात साखर आणा खाली. एवढं सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली.

बोळातल्या गाळ्यात आता मोबाईल कव्हर विकतात. चूर्णाचा डबा कपाटात आहे, अर्ध्याहून जास्त भरलेला. मिसेस म्हणते टाकून द्या. मी म्हटलं राहू दे, कोणी नमुना घ्यायला तयार झालं तर.